पैसे भरायची मुदत हुकली, आता आमच्या बचावाचं काय?

*"शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, संचालक मी आणि माझे पती. पिग आयर्न आणि भंगार ज्यांच्याकडून घेत होतो, त्या व्यापाऱ्यांनी कंपनीवर ४२ लाखांचा समरी दावा (बचाव मांडायलाही कोर्टाची परवानगी लागते असा वसुलीचा झटपट दावा) लावला. आमच्या वहीत १३ लाखच देणं निघतं. बाकीच्या मालात सल्फर जास्त होतं, कास्टिंग रिजेक्ट होऊन परत आली. कोर्टानं बचावाची परवानगी दिली, पण सहा आठवड्यांत २० लाख भरायच्या अटीवर. यांनी त्या हुकमावर हायकोर्टात रिट लावलं आणि 'आता केस वर आहे, इथं भरायची गरज नाही' म्हणून गप्प राहिले. मुदत संपून १२ दिवस झाले. समोरच्या वकिलांनी निकाल मागणारा अर्ज दिलाय, ९ दिवसांनी तारीख आहे. खात्यावर ८ लाख आहेत. एका पंप कंपनीकडून १७ लाख यायचे आहेत, ते चार महिने अडकलेत. दीर म्हणतात, यांच्या नावानं दवाखान्याचं सर्टिफिकेट जोडू. ओळखीच्या एकांनी सुचवलं, मशिनं दुसऱ्या फर्मच्या नावावर करा. राहतं घर माझ्या नावावर आहे. सगळं संपलं का?"*

ताई,

सगळं संपलेलं नाही. मात्र तारीख ९ दिवसांवर आहे म्हणून हातात ९ दिवस आहेत असं धरू नका. मुदतवाढीचा अर्ज परवा-तेरवापर्यंत दाखल झाला पाहिजे, म्हणजे समोरच्यांच्या अर्जावर सुनावणी होईल तेव्हा तो आधीच न्यायाधीशांच्या पुढ्यात असेल. निकाल होण्याआधी कोर्टाला तुम्हाला सांभाळून घ्यायला वाव आहे. निकालानंतर तो फारच थोडा उरतो.

तुमच्या पत्राचा निम्म्याहून जास्त भाग मालातल्या सल्फरबद्दल होता, तो मी इथं कापला आहे. ती तक्रार मला खरी वाटते. पण आज कोर्टापुढं तो प्रश्नच नाही. सांगितलेली रक्कम सांगितलेल्या दिवसापर्यंत आली का, एवढंच आज बघितलं जाणार आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३७, नियम ३(६) सांगतो की परवानगी देताना घातलेली तारणाची अट पाळली नाही, तर वादीला लगेच निकाल मिळण्याचा हक्क येतो. माल चांगला होता की वाईट, याचा एक कागदही न उघडता ४२ लाख आणि वर व्याज कंपनीवर बसू शकतं. चांगला बचाव असलेला माणूस असा न ऐकताच हरतो, याचं मला फार वाईट वाटतं, आणि आपल्या भागातल्या छोट्या कारखानदारांच्या बाबतीत हे टाळता येण्यासारखं असतं.

आपल्या कोल्हापुरातलं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठंही बघा, धंद्यातली तारीख सैल असते. ६० दिवसांचं बिल ९० व्या दिवशी, ९० चं दिवाळीला. 'पुढच्या सोमवारी नक्की' असा फोन गेला की समोरचा थांबतो, कारण त्यालाही उद्या असाच फोन करायचा असतो. कोर्टाच्या हुकमातली तारीख त्या जातीची नाही. ती टळली तर कुणी फोन करत नाही, स्मरणपत्र येत नाही. समोरचा वकील शांतपणे अर्ज टाकतो, जसा तुमच्या प्रकरणात टाकला आहे.

आता हुकूम समोर घ्या आणि दिवस पुन्हा मोजा. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. हुकमात वेगळं काही लिहिलं नसेल तर ते हुकमाच्या तारखेपासून मोजतात, नक्कल हातात कधी पडली यावरून नाही. शेवटचा दिवस कोर्टाच्या सुटीत आला असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी भरता येतं. मोजणीत एखाद-दुसरा दिवस इकडंतिकडं झाला असेल तर तो आत्ताच कळू दे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८ खाली कोर्ट स्वतः दिलेली मुदत वाढवू शकतं, मूळ मुदत उलटून गेली असली तरीही. मात्र १९९९ च्या दुरुस्तीनं, म्हणजे २००२ पासून, या वाढीला एकूण ३० दिवसांची मर्यादा आहे. तुमचे १२ गेले, १८ राहिले. हा १८ चा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली असं म्हटलं की पक्षकाराच्या आवाक्याबाहेरच्या कारणानं काम राहिलं असेल, तर कोर्ट ३० दिवसांच्याही पुढं जाऊ शकतं. पण तुम्ही त्यावर भिस्त ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली, तसली अडचण आवाक्याबाहेरची म्हणून सांगता येते. गिऱ्हाइकानं पैसे दिले नाहीत ही धंद्यातली नेहमीची अडचण आहे. न्यायाधीश ती ऐकून घेतील, पण तिच्या जोरावर फार लांबची तारीख मिळणार नाही. 'अमुक दिवशी न भरल्यास आपोआप अमुक होईल' असं हुकमात लिहिलं असेल तरी घाबरून जाऊ नका. अशा हुकमानं कोर्टाचे हात कायमचे बांधले जात नाहीत, हे महंत रामदास विरुद्ध गंगादास या १९६१ च्या निकालापासून मानलं जातं. तुमच्या वकिलांना हे दोन्ही निकाल अर्जात घालायला सांगा.

अर्ज कसा असावा यावर मी थोडं जास्त लिहिते, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे.

खात्यावर ८ लाख असताना नुसती मुदत मागणारा अर्ज कुणालाच पटणार नाही. ते ८ लाख आमचे हक्क अबाधित ठेवून आजच भरून घ्यावेत, अशी मागणी अर्जातच करा. परवानगी मिळाली की चलन काढून त्याच दिवशी नाझर विभागात, म्हणजे कोर्टाच्या रोख विभागात, भरा आणि पावती जोडा. पगार, वीजबिल, बँकेचा हप्ता हे सगळं त्याच पैशांवर आहे, याची मला कल्पना आहे. तरीही ते आधी कोर्टात गेले पाहिजेत, कारण कंपनीवर हुकूमनामा, म्हणजे पैसे वसूल करायचा निकाल, झाला की खातं जप्त होऊन तेच पैसे त्या रस्त्यानं जातील, आणि तेव्हा बचावही उरलेला नसेल.

दुसरा आकडा १३ लाखांचा. एवढं देणं तुमच्या वहीत निघतं असं तुम्हीच लिहिता, आणि बहुधा शपथपत्रातही ते आलं असणार. जेवढी रक्कम प्रतिवादीला कबूल आहे तेवढी कोर्टात भरल्याशिवाय बचावाची परवानगी देऊ नये, अशी नियम ३(५) ला जोडलेली अटच आहे. त्यामुळं १३ लाखांच्या खाली बोलायला जागा नाही. ८ चे १३ करणं हे या आठवड्याचं काम. घरातलं सोनं बँकेत ठेवा, नातेवाइकांकडून चेकनं उसने घ्या, पण महिन्याला टक्क्यानं देणाऱ्या खासगी सावकाराच्या दारात जाऊ नका. एका देण्यातून सुटायला त्याच्याहून वाईट देणं अंगावर घेतलेले लोक कोल्हापुरात कमी नाहीत.

उरलेल्या ७ लाखांसाठी दोन मागण्या एकाच अर्जात करता येतात: १८ दिवसांच्या आतली एक ठरावीक तारीख, आणि ती मान्य नसेल तर पर्याय म्हणून बँक गॅरंटी. नियमात शब्द तारण असा आहे, त्यामुळं रोख रकमेऐवजी गॅरंटी मागायला आधार आहे. मात्र तुमचा हुकूम रक्कम भरण्याचा असेल तर तो बदलून घ्यावा लागेल. बँकेच्या मॅनेजरना आधी भेटून मार्जिन, म्हणजे गॅरंटीसाठी अडकवून ठेवायची रक्कम, किती मागतात आणि किती दिवस लागतात ते विचारा. कोर्टात 'गॅरंटी देतो' म्हणायचं आणि बँकेनं महिना लावायचा, असं झालं तर दुसऱ्यांदा मुदत मोडेल. दुसऱ्यांदा कुणी ऐकून घेणार नाही.

आणि कारण? जे घडलं तेच लिहा. रिट दाखल केल्यावर मुदत थांबते अशी आमची चुकीची समजूत झाली, आणि येणं असलेले १७ लाख आले नाहीत. सोबत पंप कंपनीचा खातेउतारा, तगाद्याचे ईमेल आणि मुदतीच्या काळातलं बँक स्टेटमेंट जोडा. हे कारण फार भारदस्त नाही, मान्य. पण ते कागदावर टिकतं, आणि पैसे हातात घेऊन आलेल्या माणसानं खरं सांगितलं तर कोर्ट सहसा कडक अट घालून का होईना, एक संधी देतं. दंडाची, म्हणजे खर्चाची रक्कम भरायला लावली तर मुकाट्यानं भरा.

तुमच्या दीरांना माझा निरोप सांगा: दवाखान्याचं सर्टिफिकेट जोडायचं नाही. ते तुमच्या काळजीपोटी बोलले असतील, पण शपथपत्रावर खोटं लिहिणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट सांगते. त्या सहा आठवड्यांत तुमच्या पतींनी कारखान्यात किती चलनांवर सह्या केल्या, किती ई-वे बिलं निघाली, हे समोरचा वकील पाच मिनिटांत काढेल. एक सर्टिफिकेट खोटं ठरलं की सल्फरची खरी तक्रारही खोटी वाटायला लागेल. कोर्टानं २० लाखांची अट घातली तेव्हाच तुमच्या बचावाबद्दल थोडी शंका घेतली आहे, हे विसरू नका. आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाउन या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही चौकट घालून दिली. बचाव भक्कम असेल तर विनाअट परवानगी. मुद्दा तपासण्याजोगा आहे पण त्याच्या खरेपणाबद्दल शंका आहे, तर अट. तुमच्या बाबतीत शंका कुठून आली तेही दिसतं. माल खराब निघाला तेव्हा डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम वळती करत असल्याचा लेखी कागद, काढली नाही, फोनवर आणि व्हॉट्सॲपवरच बोलणं झालं, असं तुम्ही लिहिलं आहे. माल ठेवून घेऊन वाजवी वेळेत नकार कळवला नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं, हे मालविक्री कायद्याच्या कलम ४२ मध्ये आहे. म्हणून ते व्हॉट्सॲप मेसेज तुमच्यासाठी सोन्यासारखे आहेत. फोन बदलू नका, विकू नका, मेसेज पुसू नका. पुढं पुराव्यात ते द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. गिऱ्हाइकाकडून आलेले रिजेक्शनचे कागद आणि लॅबचे रिपोर्टही आत्ताच एका फायलीत लावा.

रिटबद्दल. वरच्या कोर्टात काही दाखल केलं म्हणून खालचा हुकूम थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा वेगळा हुकूम लागतो, आणि तुमच्या प्रकरणात तो नाही. ही समजूत इतकी पसरलेली आहे की तुमच्या पतींना एकट्याला दोष देऊ नका. आता निदान अंतराची अडचण राहिलेली नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरातच बसतं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. पूर्वीसारखी महालक्ष्मी एक्सप्रेसची रात्र काढून मुंबईला जायला नको. वकिलांना सांगून तातडीच्या सुनावणीची विनंती करता येईल. पण माझं मत विचाराल तर पहिला जोर खालच्या कोर्टातल्या अर्जावर लावा. असं रिट राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली चालतं, आणि तो अधिकार देखरेखीचा आहे. कोर्टानं विचार करून घातलेल्या अटीत त्याखाली सहज हात घातला जात नाही. आणि वर जाताना खाली एक रुपयाही भरलेला नसेल तर पहिला प्रश्न तोच येईल.

त्यातूनही निकाल विरुद्ध गेला तर? व्यापारी न्यायालय कायद्याखाली अपिलाला ६० दिवस असतात. तुमचा दावा त्या कायद्याखाली चालू आहे का आणि अपील कुठं जाईल हे वकिलांना आजच विचारून ठेवा. अपील केलं तरी दरखास्त, म्हणजे वसुलीची कारवाई, आपोआप थांबत नाही. पैशाच्या हुकूमनाम्याला स्थगिती द्यायची तर कोर्ट सहसा रक्कम भरायला सांगतं, आणि ती २० लाखांहून जास्त असण्याचीच शक्यता मोठी. हुकूमनामा रद्द करून घ्यायची तरतूद आदेश ३७, नियम ४ मध्ये आहे, पण तिथं विशेष परिस्थिती दाखवावी लागते. रजनी कुमार विरुद्ध सुरेश कुमार मल्होत्रा या २००३ च्या निकालाप्रमाणं नुसतं गैरहजेरीचं कारण पुरत नाही, बचावात दम आहे हेही तिथंच दाखवावं लागतं.

मशिनं दुसऱ्या फर्मच्या नावावर करायचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांचं पुन्हा ऐकू नका. ज्यांचं देणं आहे त्यांना चुकवायला केलेलं हस्तांतरण कोर्टात रद्द होऊ शकतं. त्याची कुणकुण लागली तरी वादी निकालाआधीच जप्ती मागू शकतो. मशिनं बँकेकडं तारण असतील तर बँकेची फसवणूक हे आणखी एक प्रकरण अंगावर येईल.

घराची भीती तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे, म्हणून नीट सांगते. कंपनी कायद्यानं स्वतंत्र व्यक्ती आहे. कंपनीवरचा हुकूमनामा संचालकाच्या घरावर आपोआप येत नाही. पण तीन कागद तपासा. दाव्याच्या पहिल्या पानावर प्रतिवादी म्हणून फक्त कंपनी आहे की क्रमांक २ आणि ३ वर तुमचीही नावं आहेत? व्यापाऱ्याला कधी वैयक्तिक हमीपत्र लिहून दिलं होतं का? बँकेच्या कर्जाला हे घर तारण आहे का? दाव्यात तुमची नावं नसतील आणि हमीपत्रही दिलेलं नसेल, तर या दाव्यापुरतं घर सुरक्षित समजा. बँकेचा प्रश्न वेगळा, तो हप्ते थकले तरच उभा राहील. आणि त्या व्यापाऱ्याकडं सह्या केलेले चेक पडून असतील तर ते ध्यानात ठेवा. चेक परत गेला तर ३० दिवसांत नोटीस येते, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर सही करणाऱ्या संचालकावर फौजदारी तक्रार होऊ शकते. त्या १५ दिवसांत गाफील राहू नका.

व्यापाऱ्याचा मुलगा "कंपनी दिवाळखोरीत काढतो" म्हणाला, असंही तुम्ही लिहिलंय. दिवाळखोरीच्या कायद्याखाली मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, जायला किमान १ कोटीची थकबाकी लागते, मार्च २०२० पासून. ४२ लाखांवर ते होत नाही. तरी त्याच कायद्याच्या कलम ८ ची मागणी नोटीस आलीच, तर १० दिवसांच्या आत मालाच्या तक्रारीचा उल्लेख करून लेखी उत्तर द्या.

तडजोडीचं दार बंद करू नका. इतकी वर्षं व्यवहार केलेला माणूस आहे, आणि दावा लांबला तर त्याचेही पैसे अडकून राहतात. १३ लाख कोर्टात भरल्यावर बोलणी केलीत तर तुमच्या शब्दाला वजन येईल, आधी केलीत तर तो वेळकाढूपणा वाटेल. लोकअदालतीत मिटलं तर त्याची कोर्ट फी परत मिळते, हेही त्याला पटवून देता येईल. फक्त हप्ते लिहून देताना हात आखडता ठेवा. अशा तडजोडीत बहुतेक वेळा एक हप्ता चुकला की सगळी रक्कम एकदम देय होते असं कलम असतं. आणि दोघांनी मिळून ठरवलेली मुदत समोरच्याच्या संमतीशिवाय कोर्ट सहसा वाढवत नाही. महिना २ लाख झेपत असतील तर दीडच लिहा.

एक काम मात्र तुम्ही स्वतः करा. संचालक तुम्हीही आहात, तेव्हा पुढच्या तारखेला वकिलांच्या शेजारी उभ्या राहा. रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं याची नोंद, आणि हुकूम ई-कोर्टच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात, ते दर तारखेनंतर बघा. परवानगी टिकली तर पुढं लेखी म्हणणं द्यायची मुदत सुरू होईल. व्यापारी दाव्यात ती ३० दिवसांची, आणि फार तर समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांपर्यंत. त्यानंतर ते म्हणणं घेतलंच जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये पक्कं केलं आहे. तुमच्या दाव्यात ती कोणत्या दिवसापासून मोजायची ते वकिलांकडून लिहून घ्या.

राहता राहिले पंप कंपनीकडचे १७ लाख. तुमची उद्यम नोंदणी असेल आणि ती माल देण्याआधीची असेल, तर एमएसएमई कायदा २००६ प्रमाणं खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवे होते. उशिरावर बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि त्यासाठी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडं जाता येतं. आधी एक साधं पत्र पाठवा, त्यात हे कलम आणि व्याजाचा हिशेब लिहा. मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स विभागात असं पत्र वरच्या टेबलावर जातं. त्याची पोचही मुदतवाढीच्या अर्जाला जोडा. नोंदणी झालेली नसेल तर ती उद्याच करून घ्या, निदान पुढच्या बिलांना तिचा आधार मिळेल.